वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील गुलामगिरी कशी उभी राहिली आणि कशी मोडली

गेल्या अंकात महात्मा जोतीराव फुले यांच्या १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवर एक टिपण दिले होते. अमेरिकेतील सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी जी निरपेक्ष वृत्ती दाखवली, तिच्या सन्मानार्थ जोतीरावांनी ते पुस्तक त्यांना अर्पण केले होते आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली होती. त्या टिपणावर मराठवाड्याच्या बहुतेक जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी सहा प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रांचा मजकूर जागेअभावी थोडक्यात घेतला आहे.

प्रश्न : मलिक अंबर हाही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला माणूस होता आणि त्यानेच आमचे शहर वसवले. मग अमेरिकेतील गुलामगिरी वेगळी कशी म्हणायची? गुलाम तो गुलामच ना?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपला प्रश्न मी सर्वांत आधी घेतला, कारण ही दोन्ही टोके एकाच दशकातली आहेत. मलिक अंबराने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली ती १६१० साली. त्यानंतर नऊ वर्षांनी, ऑगस्ट १६१९ मध्ये, ‘व्हाइट लायन’ नावाचे इंग्रज जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्ट येथे लागले आणि त्यावरची वीस-एक आफ्रिकी माणसे तिथल्या इंग्रज वसाहतीने अन्नसामग्रीच्या मोबदल्यात ठेवून घेतली. ही माणसे अंगोलातली होती. लुआंडा बंदरातून त्यांना घेऊन निघालेल्या पोर्तुगीज जहाजावरून ती वाटेत लुटली गेली होती. ‘पॉइंट कम्फर्ट’ हे नाव लक्षात ठेवावे. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात ते पुन्हा येणार आहे.

मलिक अंबर इथिओपियातून लहानपणीच विकला गेला आणि हातोहात फिरत दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. तो चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, त्याने स्वतःचे घोडदळ उभे केले आणि अखेर निजामशाहीचा सारा कारभार हाती घेतला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याच्या मुलीचा विवाह राजघराण्यात झाला, त्याचा मुलगा फत्तेखान त्याच्यामागे वजीर झाला, आणि १६२६ साली तो वारला तेव्हा खुलताबादेत त्याची कबर एखाद्या अमिराला शोभेल अशीच बांधली गेली. गुलाम म्हणून आलेल्या माणसाची मुले गुलाम राहिली नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा होय.

व्हर्जिनियात नेमके याच्या उलट घडले आणि ते एका दिवसात घडले नाही. सुरुवातीला तिथे गोरे करारबद्ध नोकरही होते. ते ठराविक वर्षे राबून मोकळे होत आणि काही आफ्रिकी माणसेही तशीच मोकळी झाली. १६४० साली तीन नोकर मालकाकडून पळाले व पकडले गेले. त्यांतील दोघे युरोपीय होते; त्यांच्या कराराची मुदत काही वर्षांनी वाढवण्यात आली. तिसरा जॉन पंच हा आफ्रिकी होता. त्याला न्यायालयाने जन्मभर मालकाची चाकरी करण्याची शिक्षा दिली. गुन्हा एकच असताना शिक्षा दोन प्रकारच्या झाल्या. पुढे १६५६ साली एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने आपला बाप इंग्रज होता आणि आपण ख्रिस्ती आहोत, या आधारावर दावा लावून स्वातंत्र्य मिळवले. इंग्रजी कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे. यानंतर सहा वर्षांनी, १६६२ साली, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. १६६७ साली दुसरा कायदा झाला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची गुलामी सुटणार नाही. एलिझाबेथ ज्या दोन दारांतून बाहेर पडली होती, ती दोन्ही अशी एकामागून एक बंद करण्यात आली.

१६६२ च्या त्या कायद्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. मालकाने गुलाम स्त्रीवर जबरदस्ती केली, तर त्यातून झालेले मूलही मालकाच्या मालमत्तेत जमा होणार होते; म्हणजे कायद्याने अत्याचाराला शिक्षा ठेवली नाही, उलट त्यात नफा ठेवला. कातडीच्या रंगावरून ठरणारी, जन्माने मिळणारी आणि पिढ्यान्पिढ्या न संपणारी गुलामी ती हीच.

याचा अर्थ दख्खनची गुलामी सौम्य होती, असा कोणी काढू नये. एक अंबर वर आला. त्याच्यासारखी विकली गेलेली असंख्य माणसे नावगाव मागे न ठेवता गेली.

प्रश्न : आमच्या भागात कापूस आणि जिनिंग हाच धंदा आहे. अमेरिकेतील गुलामगिरीचा कापसाशी संबंध होता असे वाचले. तो नेमका कसा?
— एक शेतकरी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : हा संबंध आपल्या भागातील माणसाला जितका चटकन कळेल, तितका इतरांना कळणार नाही. १७९० च्या सुमारास अमेरिकेत गुलामगिरी प्रामुख्याने तंबाखू, भात आणि नीळ या पिकांवर उभी होती आणि तंबाखूने जमीन थकल्यामुळे ही प्रथा आपोआप मिटत जाईल, असे त्या काळच्या अनेक पुढाऱ्यांना वाटत होते. दक्षिणेच्या अंतर्भागात येणारा आखूड धाग्याचा कापूस सरकीला इतका घट्ट चिकटलेला असे की हाताने सोलायला बसले तर दिवसभरात जेमतेम एक पौंड रुई निघे. १७९३ साली एली व्हिटनी याने सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले, ज्याला आपण आज सरळ ‘जिन’ म्हणतो. हाताने फिरवायच्या साध्या यंत्रावरही दिवसाला पन्नास पौंडांच्या आसपास रुई निघू लागली.

यंत्राने श्रम वाचतात, असा आपला समज असतो. इथे सोलण्याचे श्रम वाचले खरे. पण पेरणी, खुरपणी आणि वेचणी माणसालाच करावी लागत होती आणि जिन जितके भराभर चालेल तितकी शेतात माणसे अधिक लागत होती. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पासून कायद्याने बंदी आली. तरीही १७९० च्या खानेसुमारीत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत ३९ लाख ५० हजारांवर गेली. व्हर्जिनिया, मेरीलँड यांसारख्या जुन्या राज्यांतून जवळपास दहा लाख माणसे अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या नव्या कापूसपट्ट्यात विकली गेली किंवा हलवली गेली. त्यांतली कित्येक साखळदंडांत शेकडो मैल पायी चालवत नेली गेली. १८६१ च्या यादवी युद्धाआधी अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक तिथून जात होता.

माझे बालपण मानवतजवळच्या एका खेड्यात गेले. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी ओट्यातला कापूस काट्यावर यायचा आणि बायका आपापले वजन मनात धरून उभ्या असायच्या, कारण मजुरी किलोवर ठरलेली असे. त्या काट्याची आठवण मला सॉलोमन नॉर्थप याचे वर्णन वाचताना पुन्हा आली. नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला जन्माने स्वतंत्र असलेला कृष्णवर्णीय गृहस्थ. १८४१ साली त्याला फसवून पळवले, विकले आणि तो बारा वर्षे लुइझियानात गुलाम होता. १८५३ साली सुटल्यावर त्याने आपली हकीकत छापली. त्यात तो सांगतो की साधारण माणसाची दिवसाची वेचणी दोनशे पौंड, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे नव्वद किलो, धरलेली असे. पऱ्हाटीच्या ओळीतून दिवसभर वाकून चालणाऱ्या आपल्या वाचकांना त्या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको. नवीन माणसाला पहिल्या दिवशी चाबकाखाली शक्य तितके वेगाने वेचायला लावत, रात्री वजन करत आणि तोच आकडा पुढे त्याचे रोजचे माप होई. वजन कमी भरले तर फटके बसत. जास्त भरले तरी भीतीच असे, कारण मग दुसऱ्या दिवसापासून माप वाढे. नॉर्थपला वेचणीचा हात नव्हता. एका दिवशी जिवाचे रान करूनही त्याचा कापूस पंच्याण्णव पौंडच भरला. अंधार पडल्यावर जिनघराकडे टोपली घेऊन चालताना प्रत्येकाच्या पोटात भीतीचा गोळा असे, असे तो लिहितो. काटा आपल्याकडेही आहे आणि काट्यावर माणूस नाडला जातो हेही आपल्याला ठाऊक आहे. पण आपला काटा मजुरी ठरवतो, तो काटा पाठीवरचे वळ ठरवत होता.

जाता जाता एक गोष्ट. १८६१ साली अमेरिकेत युद्ध पेटल्यावर दक्षिणेची बंदरे नाकेबंदीत अडकली, इंग्लंडच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तर शेजारचे वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. त्यामुळे त्यांची नजर आधी वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर गेली. मुंबईत या पैशावर सट्ट्याचा उन्माद चढला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो कोसळला. आज आपल्या शेतात जो कापूस लागतो, तो बहुतांशी अमेरिकन जातीचाच आहे.

प्रश्न : चाळीस लाख लोक होते, तर त्यांनी उठाव का केला नाही?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : उठाव झाले. साउथ कॅरोलायनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी, व्हर्जिनियात १८०० साली गॅब्रिएलने आखलेला, चार्ल्सटनमध्ये १८२२ साली डेन्मार्क व्हेसी याच्या नावे उघडकीस आलेला आणि ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियाच्या साउदॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नरने प्रत्यक्ष केलेला उठाव, ही त्यांतली प्रसिद्ध नावे. टर्नरच्या उठावात पन्नासहून अधिक गोरे मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून उठावाशी काडीचाही संबंध नसलेल्या कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. हैतीमध्ये गुलामांची संख्या मालकांच्या कितीतरी पट होती, म्हणून तिथे १७९१ ते १८०४ या काळात क्रांती यशस्वी झाली. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायना सोडता इतर राज्यांत गोरे बहुसंख्य होते, सशस्त्र होते, आणि रस्तोरस्ती त्यांची गस्त असे.

पण प्रतिकार म्हणजे केवळ उठाव नव्हे. टर्नरनंतर दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला किंवा आधीचे कायदे अधिक कडक केले. अक्षरओळखीची किती धास्ती होती, हे त्यावरून दिसते. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँडमध्ये १८१८ च्या सुमारास जन्मलेला मुलगा बाल्टिमोरमध्ये एका घरी होता. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली आणि मालकाने ती लगेच बंद पाडली. शिकला तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असे मालक त्याच्यासमोरच बोलला. त्या बोलण्यातूनच सुटकेची वाट कुठून जाते, हे आपल्याला कळले, असे डग्लसने पुढे लिहिले. निरोप पोहोचवायला पाठवले की तो खिशात भाकरीचे तुकडे घेऊन निघे आणि रस्त्यावरच्या गरीब, उपाशी गोऱ्या मुलांना ते देऊन त्यांच्याकडून अक्षरे शिकून घेई. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या महाराष्ट्रात या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. ३ सप्टेंबर १८३८ रोजी तो पळाला आणि पुढे गुलामगिरीविरुद्धचा त्या देशातला सर्वांत प्रभावी आवाज झाला.

हॅरिएट टबमन १८४९ साली मेरीलँडमधूनच पळाली आणि एकदा सुटल्यावर सुमारे तेरा वेळा पुन्हा त्या प्रदेशात शिरून तिने सत्तरच्या आसपास माणसे बाहेर काढली. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेच्या राज्यांतूनही धरून परत नेता येऊ लागल्यावर ती त्यांना थेट कॅनडापर्यंत नेऊ लागली.

प्रश्न : शाळेत आम्ही शिकवतो की अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली जाहीरनामा काढून गुलामगिरी संपवली. हे बरोबर आहे ना?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : बाई, हे अर्धे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे मुलांना सांगितले तर त्यांना इतिहास अधिक आवडेल, असे मला वाटते.

लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आले तेव्हा त्यांची घोषित भूमिका होती की गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही. जिथे ती आहे तिथे हात लावण्याचे त्यांनी म्हटले नव्हते. तेवढेही दक्षिणेला सहन झाले नाही. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले, त्यामागे इतर राज्ये गेली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट समटरवर तोफा सुटल्या. लिंकन यांनी युद्ध हाती घेतले ते संघराज्य टिकवण्यासाठी.

आता पुन्हा पॉइंट कम्फर्टकडे येऊ. १६१९ साली ज्या ठिकाणी ती वीस-एक माणसे उतरवली गेली, त्याच भूशिरावर फोर्ट मनरो नावाचा संघराज्याचा किल्ला उभा होता. मे १८६१ मध्ये एका रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत त्या किल्ल्यावर आले. त्यांचा मालक दक्षिणेच्या सैन्यात कर्नल होता आणि त्याने त्यांना तोफांचे मोर्चे बांधायला लावले होते. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरे निशाण घेऊन आला आणि कायद्याप्रमाणे आमची माणसे परत द्या, असे म्हणाला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा पेशाने वकील. त्याने उत्तर दिले की तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला लागू नाही. आणि ही माणसे तुमची मालमत्ता असतील तर शत्रूच्या युद्धोपयोगी मालाप्रमाणे आम्ही ती जप्त करतो. माणसांना ‘माल’ म्हणूनच का होईना, पण परत पाठवायला त्याने नकार दिला. ही बातमी गुलामांच्या वस्त्यांतून वणव्यासारखी पसरली आणि थोड्याच दिवसांत बायका, मुले, म्हातारे यांच्यासह शेकडो माणसे किल्ल्याकडे येऊ लागली. पुढे युद्धभर, संघराज्याचे सैन्य जिथे जाईल तिथे, लाखो माणसांनी हेच केले. त्यांचे काय करायचे, हा प्रश्न वॉशिंग्टनने स्वतःहून हाती घेतला नव्हता. या माणसांनी तो आपल्या पायांनी चालत जाऊन त्यांच्या दारात नेऊन ठेवला.

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा या सगळ्यानंतर आला. तो फुटीर राज्यांतील गुलामांना लागू होता. संघराज्याशी निष्ठावंत राहिलेल्या डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिझुरी या चार गुलामधारी राज्यांना तो लागू नव्हता. यावरून काही जण त्याला कागदी जाहीरनामा म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या दिवसापासून सैन्याचे प्रत्येक पाऊल कायद्याने मुक्तीचे पाऊल ठरले आणि कृष्णवर्णीयांना सैन्यात भरती होण्याचा मार्ग मोकळा झाला. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या बाजूने लढले. त्यांतले बहुसंख्य कालपर्यंत गुलाम होते. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत, यांना १० डॉलर आणि त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा कमी पगार घ्यायचे नाकारले आणि महिनोन्महिने बिनपगारी लढत राहिली. डग्लसची दोन मुले याच पलटणीत होती. डग्लस स्वतः ऑगस्ट १८६३ मध्ये लिंकन यांना भेटून या अन्यायाबद्दल बोलला. जून १८६४ मध्ये काँग्रेसने पगार समान केला.

संपूर्ण देशातून गुलामगिरी कायद्याने गेली ती संविधानाच्या तेराव्या दुरुस्तीने, ६ डिसेंबर १८६५ रोजी. त्याआधी १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन येथे सैन्याने मुक्तीचा हुकूम वाचून दाखवला, म्हणजे जाहीरनाम्यानंतर तब्बल अडीच वर्षांनी. तो दिवस तिथले कृष्णवर्णीय तेव्हापासून साजरा करत आले आणि २०२१ पासून ती अमेरिकेची राष्ट्रीय सुट्टी आहे.

तेव्हा वर्गात लिंकन यांचे नाव अवश्य घ्यावे, आणि त्याच वाक्यात बेकर, मॅलरी आणि टाउनसेंड ही तीन नावेही फळ्यावर लिहावीत.

प्रश्न : जोतीरावांनी ज्यांना ‘सदाचारी लोक’ म्हटले, ते कोण?
— एक वाचक, जालना

उत्तर : बोस्टनमध्ये १ जानेवारी १८३१ पासून ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक काढणारा विल्यम लॉइड गॅरिसन, साउथ कॅरोलायनातील गुलामधारी घर सोडून जाहीर सभांतून बोलणाऱ्या सेरा आणि अँजेलिना या ग्रिमके भगिनी, इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी नोव्हेंबर १८३७ मध्ये आपला छापखाना जमावापासून वाचवताना मारला गेलेला संपादक एलिजा लव्हजॉय, आणि १६८८ सालीच पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथून गुलामीचा लेखी निषेध करणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक. जोतीरावांच्या शब्दांचा रोख अशा गोऱ्या सुधारकांवर असावा, असे अर्पणपत्रिकेच्या भाषेवरून वाटते. माझ्या मते त्या यादीत डग्लस आणि टबमन यांची नावे पहिल्या ओळीत घालायला हवीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना स्वतः पत्र लिहिले. तोवर हा संवाद दोन्हीकडच्या पीडितांमधला झाला होता.

प्रश्न : मी ऊसतोड कामगाराचा मुलगा आहे. मुकादमाची उचल फिटत नाही म्हणून पुन्हा त्याच्याच टोळीत जावे लागते, हे मी घरी पाहिले आहे. अमेरिकेतले गुलाम सुटल्यावर खरोखर मोकळे झाले का? आणि विकून तोडलेली घरे पुन्हा एकत्र आली का? हा दुसरा प्रश्न माझ्या आईचा आहे.
— एक वाचक, वडवणी तालुका (जि. बीड)

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि दोन्ही एकाच घरातून आले आहेत, म्हणून त्यांना एकत्रच उत्तर देतो.

सुटका झाली तेव्हा त्या माणसांनी सर्वांत आधी जमीन मागितली. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीची जमीन चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांत मुक्त कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला आणि हजारो कुटुंबांनी पेरणीही केली. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत दिली. उलट, १८६२ साली राजधानी वॉशिंग्टनच्या हद्दीतील गुलाम मुक्त केले तेव्हा सरकारने माणशी तीनशे डॉलरपर्यंत भरपाई दिली होती, आणि ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. पिढ्यान्पिढ्या राबलेल्यांच्या हाती काहीच आले नाही, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत जिव्हारी लागणारे सत्य वाटते.

जमीन नाही, म्हणून बटाई आली. मालकाची जमीन, मालकाचे बी-औत आणि निम्म्याच्या आसपास पीक मालकाला. हंगामभर पीठमीठ उधारीवर, आणि वर्षअखेरीला हिशोबाची वही मालकाच्या किंवा दुकानदाराच्या हातात. वाचता न येणाऱ्याला त्या वहीत काय मांडले आहे ते विचारायचीही सोय नव्हती, आणि बाकी निघाली की पुढचे वर्षही त्याच शेतावर. मिसिसिपीने १८६५ मध्येच असे कायदे केले की कृष्णवर्णीयाजवळ कामाचा लेखी करार नसला तर तो भटका ठरे, दंड होई आणि दंड भरता आला नाही की दंड भरणाऱ्याकडे त्याला राबावे लागे. तेराव्या दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर वगळून’ अशी तरतूद होती. तिचा आधार घेऊन तुरुंगातील माणसे खाणींना आणि मळ्यांना भाड्याने दिली गेली. १८७७ नंतर संघराज्याचे सैन्य दक्षिणेतून मागे घेतले गेले आणि मतदानाचा हक्कही हळूहळू काढून घेण्यात आला. तो पुन्हा कायद्याने पक्का व्हायला १९६५ साल उजाडले.

आपल्या घरच्या अनुभवाला मी गुलामगिरी म्हणणार नाही, कारण उचल घेणाऱ्याचे मूल कायद्याने मुकादमाचे होत नाही आणि आपण आज हे पत्र लिहू शकता. पण नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आगाऊ पैसा अंगावर चढतो आणि हिशोब दुसऱ्याच्या वहीत राहतो, ही जी यंत्रणा आपण पाहिली, तिची आणि त्या बटाईची घडण एकच आहे. वेठबिगारी आपल्या संविधानाच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध आहे, आणि कर्जापोटी राबवून घेण्याविरुद्ध १९७६ चा स्वतंत्र कायदाही आहे. आपण तो मराठीत मिळवून वाचावा आणि टोळीत वाचून दाखवावा, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आता आईंच्या प्रश्नाविषयी. गुलामांच्या लग्नाला कायद्यात काही किंमत नव्हती, त्यामुळे नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या आणि मुले तिसऱ्या राज्यात विकली जाणे हे नित्याचे होते. मुक्त झाल्यावर हजारो जोडप्यांनी, काहींनी तर केस पांढरे झाल्यावर, सरकारी कार्यालयात जाऊन आपली लग्ने नोंदवली. ज्यांची माणसे हरवली होती ती शोधायला निघाली. काही शेकडो मैल पायी गेली, आणि जुन्या मालकाच्या गावी पोहोचल्यावर आपले माणूस तिथून पुढे आणखी कुठे विकले गेले एवढेच त्यांना कळले. फिलाडेल्फियाच्या ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत शोधाच्या जाहिराती येऊ लागल्या. आईचे नाव, भावंडांची नावे, मालकाचे नाव, ज्या व्यापाऱ्याने नेले त्याचे नाव आणि शेवटचे पाहिले ते साल, एवढाच मजकूर त्यांत असे, आणि रविवारी चर्चमध्ये तो मोठ्याने वाचून दाखवला जाई, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. काहींची भेट झाली; बहुतेकांची झाली नाही. युद्ध संपून तीस-चाळीस वर्षे झाल्यावरही या जाहिराती येतच होत्या, आणि तोवर म्हाताऱ्या झालेल्या लेकी त्यांत लहानपणी ताटातूट झालेल्या आईचे नाव देत होत्या.